चष्मेवाल्या गुराख्याचा ताळेबंद

(बी. कॉम. भाग 2, मराठी विभाग)

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी आजोळी, खानापूर तालुक्यात गेलो होतो. फराळ झाला आणि मामांनी वहीतले एक कोरे पान फाडून माझ्यापुढे ठेवले. सोसायटीचे कर्ज काढून सहा म्हशी घ्यायचा त्यांचा विचार चालला होता. भाचा कॉमर्सला आहे, तेव्हा हिशोब त्यानेच मांडावा असे त्यांचे म्हणणे. मी मोठ्या ऐटीत पान उभे दुमडले. एका बाजूला म्हशींची किंमत, पेंड, सरकी, पिंजर, डॉक्टर, व्याज. दुसऱ्या बाजूला दूध आणि शेण. गवताच्या ओळीपाशी आलो तेव्हा मामा म्हणाले की तिथे काही लिहायला नको, गवत गायरानातले, फुकटचे. मी शून्य लिहिले. खाली नफा छान दिसू लागला. मामीने आणखी एक करंजी वाढली.

सुट्टी संपवून कॉलेजात आलो आणि ऑफ पिरियड काढायचा म्हणून ग्रंथालयात थिओडोर रूझवेल्टचे चरित्र हाती घेतले. अमेरिकेचा हा 26 वा राष्ट्राध्यक्ष. 1901 ते 1909 या काळात तो त्या पदावर होता, 1906 साली त्याला शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि लहान मुलांच्या टेडी बेअरला त्याचेच नाव आहे. इतके मला सामान्यज्ञानाच्या स्पर्धेमुळे ठाऊक होते. पण पुस्तकाच्या मध्यावर तीन-चार वर्षांचा असा एक भाग निघाला की घंटा झाली तरी मी उठलो नाही. या माणसाने ऐन पंचविशीत वडिलार्जित पैसा गुरांत घातला होता. आणि गवताच्या ओळीत त्यानेही शून्यच लिहिले होते.

वाचकहो, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टविषयी लिहिणारे पुष्कळ आहेत. मी लिहिणार आहे ते गुरे पाळणाऱ्या रूझवेल्टविषयी. एवढ्या मोठ्या माणसाला मी 'तो' म्हणतो याबद्दल रागावू नये. ही गोष्ट आपल्याहून चार-पाच वर्षांनीच मोठ्या असलेल्या एका तरुणाची आहे.

त्याचा जन्म न्यूयॉर्क शहरातल्या एका श्रीमंत घराण्यात 27 ऑक्टोबर 1858 रोजी झाला. लहानपणापासून दम्याने इतका बेजार की रात्र-रात्र उशीला टेकून बसावे लागे. दृष्टीही अधू. वडिलांनी घरातच व्यायामशाळा उभी करून दिली आणि शरीर कमावणे हे तुझे तुलाच करायचे आहे असे बजावले. पोराने ते मनावर घेतले. हार्वर्ड विद्यापीठात तो शिकत असतानाच 1878 साली वडील वारले. मागे त्याच्या नावे भरपूर पैसा राहिला. 1880 साली पदवी, त्याच वर्षी आपल्या बाविसाव्या वाढदिवशी अ‍ॅलिस ली या मुलीशी लग्न, आणि तेविसाव्या वर्षी न्यूयॉर्क राज्याच्या विधानसभेवर निवड. म्हणजे सगळे कसे वेळच्या वेळी.

1883 च्या सप्टेंबरात हा तरुण आमदार रेल्वेने दोन हजार मैलांचा प्रवास करून डाकोटा प्रांतातल्या लिटल मिसुरी नावाच्या आडस्टेशनावर मध्यरात्रीनंतर उतरला. आला होता शिकारीला. अमेरिकन बायसन म्हणजे आपल्या दांडेलीकडच्या गव्याचा केसाळ भाऊबंद. एके काळी या मैदानांवर त्यांचे लक्षावधींचे कळप होते. रेल्वे आली, तिच्याबरोबर कातडीचे व्यापारी आले, आणि थोड्याच वर्षांत कळप नाहीसे झाले. बायसन संपायच्या आत आपण एक मारावा, अशी घाई करून हा गडी आला होता. हे वाक्य लिहिताना मलाच चमत्कारिक वाटते, पण खरे तेच आहे.

त्या भागाला बॅडलँड्स म्हणतात. पावसाने कोरलेले मातीचे कडे, त्यांवर रंगीत पट्टे, कुठे कुठे जमिनीतल्या कोळशाला लागलेली आग वर्षानुवर्षे धुमसत असलेली, आणि मधून वळणे घेत जाणारी लिटल मिसुरी नदी. जो फेरिस नावाचा वाटाड्या बरोबर होता. दिवसचे दिवस पाऊस. चिखलात घोडे रुतत. एकदा जखमी बायसनचा पाठलाग करताना घोडा बिथरला आणि बंदूक कपाळावर आदळून रूझवेल्टचेच डोके फुटले. वाटाड्याला वाटे, हा शहरी बाबू आता परत जाईल, मग जाईल. बाबू मात्र पावसात भिजत खूश होता. अखेर एक बायसन मिळाला, तेव्हा आनंदाने तो त्या धुडाभोवती नाचला आणि फेरिसला त्याने शंभर डॉलर बक्षीस दिले.

पण त्या पंधरवड्यातली मुख्य घटना ही नव्हे. संध्याकाळी झोपडीत बसून तो तिथल्या लोकांकडून गुरांच्या धंद्याची माहिती विचारत होता. परत जाण्यापूर्वी त्याने सिल्व्हेन फेरिस आणि बिल मेरिफिल्ड या दोघांना 14,000 डॉलरचा चेक लिहून दिला. त्यांनी शे-चारशे गुरे घ्यावीत आणि याच्या वतीने सांभाळावीत. या ठिकाणाला 'माल्टीज क्रॉस' हे नाव होते, कारण गुरांवर तशा आकाराच्या क्रुसाचा डाग देत. शिकारीला आलेला माणूस पंधरा दिवसांत गुरांचा मालक होऊन घरी गेला!

इथे धंद्याची रीत थोडी सांगितली पाहिजे. रँच या शब्दाला आपल्याकडे नेमका शब्द नाही. गोठा म्हणावे तर छप्पर नाही, कुरण म्हणावे तर कुंपण नाही. डाकोटात 'ओपन रेंज' म्हणजे मोकळे रान होते. जमीन काही सरकारची, काही रेल्वे कंपनीची. त्यावर मन मानेल तिथे लाकडी घर बांधायचे, इतरांनी तो शेजार मान्य केला की झाले. गुरे सोडून द्यायची. ती मैलोगणती चरत हिंडत. वसंतात सगळ्या मालकांचे गुराखी एकत्र जमून रान पिंजून काढत, गुरे गोळा करत, गाय ज्याच्या डागाची त्याचाच डाग वासराला देत. तीन-चार वर्षांनी बैल तयार झाले की रेल्वेच्या वाघिणीत घालून शिकागोच्या बाजारात. गवत फुकट, पाणी फुकट, वाढ आपोआप. खर्च म्हणजे मूळ गुरांची किंमत, थोडे घोडे आणि गुराख्यांचा पगार.

कागदावर याहून सुंदर धंदा नाही. जेम्स ब्रिस्बिन नावाच्या एका लष्करी अधिकाऱ्याने तर 1881 साली या मैदानांवर श्रीमंत कसे व्हावे याचे पुस्तकच छापले. ते आकडे वाचून लंडन, एडिंबरो, डंडी इथल्या लोकांनी गुरांच्या जॉइंट स्टॉक कंपन्या काढल्या. घरबसल्या शेअर घ्यायचे आणि लाभांश खायचा. आपल्या अकाउंटन्सीच्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावी अशी एक गंमत तिथे होती. मोठे रँच विकले जात ते गुरे मोजून नव्हे, तर वहीत जितकी गुरे लिहिली असतील तितकी आहेत असे धरून. दरवर्षी इतकी वासरे झाली असतील, इतकी जनावरे मेली असतील, असा अंदाज वहीत वाढवत न्यायचा आणि त्यावर किंमत ठरवायची. रानात प्रत्यक्ष किती शेपट्या आहेत हे कोणी बघत नसे. मालाची मोजदाद न करता केलेला ताळेबंद! आमचे सर असल्या पेपराला भोपळाच देतील.

रूझवेल्टने निदान स्वतःचे पैसे घातले आणि स्वतः जाऊन राहिला, एवढा त्याचा मोठेपणा. पण तो जाऊन का राहिला, ते सांगायचे आहे.

1884 च्या फेब्रुवारीत तो विधानसभेच्या कामासाठी ऑल्बनीला होता. 12 तारखेला घरी मुलगी झाली आणि तशी तार आली. लोकांनी अभिनंदन केले. मग दुसरी तार आली. तो धावत न्यूयॉर्कला पोचला तेव्हा एकाच घरात दोघी मरणाच्या दारात होत्या. 14 तारखेच्या पहाटे आई टायफॉइडने गेली. त्याच दिवशी दुपारी, वरच्या मजल्यावर, बायको मूत्रपिंडाच्या विकाराने गेली. बाळंतपणाच्या गडबडीत तो विकार कोणाच्या ध्यानातच आला नव्हता. ती बावीस वर्षांची होती. डायरीत त्या दिवसावर त्याने एक मोठी फुली मारली. पुढे आयुष्यभर या पहिल्या पत्नीविषयी तो जवळजवळ बोललाच नाही. आत्मचरित्रातही तिचे नाव नाही. लेकीचे नाव आईचेच, अ‍ॅलिस, ठेवले होते. पण ते नाव उच्चारणेही त्याला जड जाई.

लेकीला बहिणीच्या स्वाधीन करून जूनमध्ये तो डाकोटात आला. येताच आणखी 26,000 डॉलर गुरांत घातले, हजारभर गुरे वाढली. माझ्या मते हा आकडा व्यापाऱ्याचा नाही. दुःखात माणूस काहीतरी मोठे ओझे उचलू पाहतो, तसा तो आहे. कन्नड विभागातल्या माझ्या मित्राला मी हे सांगितले तेव्हा तो म्हणाला की असल्या गोष्टीचे 'लेक्क' कोणत्या खात्यात घालणार? मला उत्तर सुचले नाही.

माल्टीज क्रॉसची झोपडी वाटेवर होती, येणारे-जाणारे फार. त्याला एकांत हवा होता. मेदोरा गावापासून पस्तीसेक मैल उत्तरेला, नदीच्या काठी कॉटनवूड झाडांच्या सावलीत त्याला जागा सापडली. तिथे दोन एल्कांच्या, म्हणजे मोठ्या सांबरांच्या, कवट्या पडलेल्या होत्या. झुंजताना शिंगे एकमेकांत अडकली आणि दोघेही तिथेच मेले. त्यावरून जागेचे नाव 'एल्कहॉर्न' ठेवले. जागेवरचा हक्क सांगणाऱ्या एका शिकाऱ्याला 400 डॉलर देऊन त्याने ती घेतली. वाणिज्याच्या विद्यार्थ्याने इथे थांबून विचार करावा, की घेतले काय? खरेदीखत नाही, सात-बारा नाही. विकणाऱ्याची जमीन नव्हती आणि घेणाऱ्याची झाली नाही.

घर बांधायला त्याने मेन राज्यातून बिल स्यूअल आणि विल्मॉट डाऊ हे दोन जुने ओळखीचे लाकूडतोडे बोलावून घेतले. करार असा की नफा झाला तर त्यात वाटा, तोटा झाला तर तो सगळा मालकाचा, यांना पगार मिळेल. भागीदारीच्या कायद्यात बसो न बसो, असा मालक मला तरी आवडला. दोघांनी साठ फूट लांब, तीस फूट रुंद असे आठ खोल्यांचे घर उभे केले. नदीकडे तोंड करून ओसरी, ओसरीवर झुलती खुर्ची. दिवसा शिकार, संध्याकाळी त्या खुर्चीत वाचन-लेखन. पण स्यूअल हा शेतकरी माणूस. आल्या आल्याच त्याने रान बघून मालकाला सांगून टाकले होते की हा मुलूख गुरांचा नव्हे. मालकाने ते हसण्यावारी नेले. शिकलेल्या माणसांनी ही खोड कधी सोडली आहे?

डोळ्यांवर चष्मा आणि बोलणे शहरी, त्यामुळे गुराखी सुरुवातीला त्याची टर उडवत. मिंगसव्हिल नावाच्या गावात एका खाणावळीत दोन्ही हातांत पिस्तुले घेतलेल्या एका दारुड्याने चष्म्यावरून त्याला डिवचले आणि सगळ्यांना दारू पाजण्याचे फर्मान सोडले. रूझवेल्ट हसत उठला आणि हार्वर्डात शिकलेले मुष्टियुद्ध त्याने दोन-तीन ठोशांत वापरून दाखवले. पुन्हा चष्म्याचा विषय निघाला नाही. खरी परीक्षा मात्र गुरे गोळा करण्याच्या मोहिमेत होती. दिवसाचे चोवीस-चोवीस तास घोड्यावर, रात्री वादळात उधळलेल्या गुरांमागे अंधारात दौड. दोर फेकण्यात तो कधीच तरबेज झाला नाही, पण काम टाळले नाही. मालक असून गुराख्यांबरोबर जेवला, झोपला. तिथल्या मालकांनी संघटना केली तेव्हा अध्यक्ष त्यालाच केले. राष्ट्राध्यक्षपदाची रंगीत तालीम म्हणा ना!

1886 च्या मार्चमधली एक हकीकत फार प्रसिद्ध आहे. नदी बर्फाने भरलेली असताना तिघा चोरांनी एल्कहॉर्नची होडी पळवली. स्यूअल आणि डाऊ यांनी झटपट दुसरी होडी बांधली आणि तिघे पाठलागावर निघाले. तिसऱ्या दिवशी चोर सापडले. तिथली रीत, चोर सापडला की झाडाला टांगायचा. रूझवेल्टने त्यांना कायद्याच्या हवाली करायचे ठरवले. बर्फामुळे होड्या अडल्या, आठ-एक दिवस सगळे नदीवरच अडकून पडले, शिधा संपत आला. या सगळ्या खटाटोपात स्वारी टॉलस्टॉयची 'अ‍ॅना कॅरेनिना' वाचत होती. शेवटी एका गाडीत चोरांना घालून, आपण मागून बंदूक धरून चिखलातून चालत, जवळजवळ दीड दिवस न झोपता त्याने त्यांना डिकिन्सन गावी शेरीफच्या ताब्यात दिले. तिथे डॉक्टरला त्याच्या पायांवर उपचार करावे लागले. होडीची किंमत किती, आणि तिच्यापायी गेलेले दिवस किती? हिशोबात हेही बसत नाही.

त्याच मुलखात आणखी एक मोठा गुंतवणूकदार होता, मार्की द मोरेस नावाचा फ्रेंच सरदार. मेदोरा हे गाव त्यानेच 1883 मध्ये वसवले, बायकोचे नाव दिले. त्याची युक्ती अशी की जिवंत गुरे शिकागोला पाठवण्यापेक्षा इथेच कत्तलखाना काढावा आणि बर्फाच्या वाघिणींतून मांस पूर्वेकडे पाठवावे. वाहतूक वाचते, दलाल वाचतो. कल्पना चुकीची नव्हती. पण फक्त गवतावर वाढलेल्या गुरांचे मांस पूर्वेच्या गिऱ्हाइकांना पसंत पडेना, वर्षभर पुरेल इतकी गुरे मिळेनात, आणि शिकागोचे बडे व्यापारी त्याला टिकू देईनात. 1886 मध्ये कारखाना बंद झाला. या सरदाराशी रूझवेल्टचे एकदा द्वंद्वयुद्धापर्यंत आले होते, पण ते पत्रावरच मिटले.

ते 1886 साल सगळ्यांनाच वाईट गेले. रान फुकट, म्हणून जो तो गुरे आणून सोडत होता. तुमच्या दोनशे गुरांनी गवत राखले तर शेजाऱ्याची दोनशे ते खाणार. मग राखायचे कशाला? अर्थशास्त्राच्या तासाला हा प्रश्न आपण पोपटासारखा पाठ करतो, तिथे तो पायाखाली दिसत होता. उन्हाळ्यात पाऊस नाही, गवत करपले, वणवे लागले. शरदात डाऊ शिकागोहून परत आला तो असे सांगत, की मिळणारा भाव गुरे वाढवण्याच्या आणि नेण्याच्या खर्चापेक्षाही कमी आहे. स्यूअल आणि डाऊ यांनी मालकाबरोबर बसून हिशोब केला आणि बायका-पोरांसह मेनला परत गेले. रूझवेल्ट न्यूयॉर्कला गेला, महापौरपदाची निवडणूक लढवून तिसरा आला, आणि 2 डिसेंबरला लंडनमध्ये त्याने बालमैत्रीण ईडिथ कॅरो हिच्याशी लग्न केले.

इकडे नोव्हेंबरातच बर्फ पडू लागले होते. मध्येच थोडे वितळे आणि पुन्हा गोठे, त्यामुळे गवतावर काचेसारखा थर धरला. गुरांना खुरांनी तो फोडता येईना. जानेवारी 1887 मध्ये हिमवादळांमागून हिमवादळे आली, पारा उणे 40 च्या खाली गेला. (उणे 40 ला फॅरेनहाइट आणि सेल्सियस एकच होतात, हे आमच्या सायन्सच्या मित्राने सांगितले.) साठवलेला चारा कोणाकडेच नव्हता, कारण धंद्याच्या हिशोबात चारा साठवणे हा खर्चच धरलेला नव्हता. गुरे वाऱ्याकडे पाठ करून दऱ्यांत उतरली आणि तिथेच बर्फाखाली गेली. काही भुकेने व्याकुळ होऊन गावात घरांच्या भिंतींना चिकटून उभी राहिली. वसंतात बर्फ वितळले तेव्हा लिटल मिसुरीला पूर आला आणि त्या पुरात बर्फाच्या तुकड्यांबरोबर मेलेली गुरे दिवसचे दिवस वाहत गेली. त्या मुलखातले कुणाचे अर्धे गेले, कुणाचे जवळजवळ सगळे. वहीतली गुरे आणि रानातली गुरे यांतला फरक तेव्हा सगळ्यांना कळला. एडिंबरोच्या एका बड्या कंपनीचे त्याच वर्षी दिवाळे वाजले.

एप्रिलमध्ये रूझवेल्ट येऊन रानातून फिरला. त्याची निम्म्याहून अधिक गुरे गेली होती. आमच्या मामांची एक म्हैस चार वर्षांपूर्वी पावसाळ्यात पाय घसरून ओढ्यात गेली होती, तेव्हा त्यांच्या घरी दोन दिवस चूल नीट पेटली नव्हती. एवढ्या मोठ्या कळपातली निम्मी म्हणजे काय, याची कल्पना मला करता येत नाही. त्याला इतर उत्पन्न होते म्हणून तो उपाशी पडला नाही, हेही सांगितले पाहिजे. उपाशी पडले ते पगारी गुराखी.

एकंदर ऐंशी हजारांहून थोडे जास्त डॉलर त्याने या धंद्यात घातले होते. उरलेली गुरे हळूहळू कमी करत 1898 साली त्याने शेवटचा हिस्सा विकून टाकला. मुद्दलात वीस हजारांवर तोटा, आणि त्या पैशाचे व्याज धरले तर पन्नास हजारांच्या घरात. एल्कहॉर्नचे घर त्याआधीच ओस पडले होते. लोकांनी दारे, खिडक्या, ओंडके जमेल तसे नेले. जमीन नावावर नव्हतीच, त्यामुळे विकायला तिथे काही नव्हते.

आता जमेची बाजू. 1887 च्या डिसेंबरमध्ये त्याने जॉर्ज बर्ड ग्रिनेल वगैरे शिकारी मित्रांना जेवायला बोलावले आणि 'बून अँड क्रॉकेट क्लब' स्थापन केला. शिकाऱ्यांचाच क्लब, पण उद्देश प्राणी आणि रान टिकवण्याचा. ज्याने शेवटचा बायसन मिळावा म्हणून घाई केली होती, त्यालाच संपणे म्हणजे काय हे आता दिसले होते. 1901 मध्ये मॅकिन्ली यांचा खून झाला आणि बेचाळीस वर्षांचा उपाध्यक्ष रूझवेल्ट राष्ट्राध्यक्ष झाला. साडेसात वर्षांत त्याने सुमारे 23 कोटी एकर सार्वजनिक जमीन संरक्षणाखाली आणली. त्यात 150 राष्ट्रीय जंगले, पाच राष्ट्रीय उद्याने आणि पक्ष्यांसाठी 51 राखीव जागा होत्या. शिकार मात्र त्याने अखेरपर्यंत सोडली नाही. हे दोन्ही एका माणसात कसे राहत होते, ते मला नीट उमगलेले नाही.

या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाची वाटली ती चरित्रात दोन ओळींत उरकलेली एक गोष्ट. 1906 पासून सरकारी जंगलांत गुरे चारायला परवाना आणि शुल्क लागू झाले. पश्चिमेचे गुरेवाले खवळले. कोलोराडोतल्या फ्रेड लाइट नावाच्या मालकाने परवाना न घेता गुरे सोडली, आणि खटला थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. 1911 मध्ये निकाल सरकारच्या बाजूने लागला. म्हणजे बघा, ज्याने स्वतःच्या वहीत गवतापुढे शून्य लिहिले होते, त्याच्याच कारकिर्दीत गवताला किंमत पडली.

एक बाजू मात्र या जमाखर्चात त्याने मांडलीच नाही. ते मोकळे रान मोकळे झाले होते ते तिथल्या लकोटा आणि इतर आदिवासी जमातींना हुसकावून. बायसन मारले गेले तेव्हा त्यांचे अन्नच गेले. तरुण रूझवेल्टने या लोकांविषयी जे लिहिले आहे ते वाचून मान खाली जाते. राष्ट्राध्यक्ष असताना 1908 साली माँटाना राज्यात बायसनसाठी राखीव रान केले, तेही आदिवासींच्या राखीव जमिनीतून काढून. ते 2020 साली झालेल्या कायद्याने त्यांना परत मिळाले.

6 जानेवारी 1919 रोजी, झोपेतच, तो वारला. डाकोटात घालवलेला काळ नसता तर आपण राष्ट्राध्यक्ष झालो नसतो, असे तो म्हणत असे. माल्टीज क्रॉसची झोपडी पुढे प्रदर्शनांतून गावोगाव फिरली आणि 1959 साली मेदोराला परत आली. बॅडलँड्समध्ये त्याच्या नावाचे उद्यान 1947 मध्ये झाले, 1956 मध्ये तिथे बायसन परत आणून सोडले. एल्कहॉर्नला पायाचे दगड तेवढे राहिले आहेत. नदीपलीकडचे, त्याची गुरे जिथे चरत तिथले, एक मोठे चालते रँच 2007 साली विक्रीतून अमेरिकन वनखात्याने घेतले. क्षेत्र 5,200 एकर, किंमत सुमारे 53 लाख डॉलर. मदत करणाऱ्यांत बून अँड क्रॉकेट क्लबही होता. गुरे चारणे आणि शिकार तिथे चालूच राहिली, फक्त परवान्याने.

मामांचे ते पान माझ्या ट्रंकेत आहे. गायरानात गावातल्या आणखी किती जणांची गुरे येतात, आणि पावसाळा लांबला तर पिंजर किती महिने पुरेल, असे पत्राने विचारले आहे. उत्तर आले, की गुरे येतात ती सगळ्यांचीच, आणि पिंजराचे मामीला विचारावे लागेल.